मान झुकते ते पाऊल

१

ताडपत्री बदामीला पुरत नव्हती. पाठ, पोट, मान झाकली गेली होती, पण चारही खूर बाहेर राहिले होते. काल सकाळी प्रदर्शनासाठी त्या खुरांना तेल लावून चकाकी आणलेली. आता त्या तेलावर मैदानातली वाळू चिकटून बसली होती.

डॉक्टरबाई शेडच्या दारातच काठी टेकून थांबल्या. उभा जन्म घोड्यांच्या औषधपाण्यात गेलेली बाई, निवृत्त होऊनही जमाना लोटलेला, पण मेलेला घोडा समोर आला की अजून त्या लगेच जवळ जायच्या नाहीत. या घोडीला तर त्यांनी जन्मताना हातांवर झेललं होतं. ओली, थरथरती, आणि उभं राहायची कोण घाई झालेली.

"गुडघा कसा आहे?" मागून बाबांनी विचारलं.

"कुठला? एक दुखायचा तेव्हा मी लंगडायचे आणि जो तो विचारपूस करायचा. आता दोन्ही दुखतात, तर लंगडणंही गेलं आणि विचारपूसही गेली."

बाबा एरवी हसले असते. आज त्यांनी चष्मा काढला, खिशातल्या कापसाच्या वळीने पुसला, घातला आणि पुन्हा काढला.

बाबा म्हणजे या पागेच्या मालकीणबाईंचे, बाईसाहेबांचे, यजमान. पेशाने दातांचे डॉक्टर. दवाखाना बंद करून आता घरीच. बायको आणि मुलगी, दोघी घोड्यांत आकंठ बुडालेल्या, आणि हे व्हरांड्यातल्या कुंड्यांना पाणी घालणार. घोड्यातलं त्यांना ओ की ठो कळत नाही, हा घरातला जुना विनोद होता. 'घोड्याचं तोंड कुठल्या बाजूला असतं ते बाबा आधी विचारून घेतात,' असं मुलगी येईल त्याला सांगायची, आणि सगळ्यांत मोठ्याने बाबाच हसायचे. पण काल संध्याकाळी फोन करून डॉक्टरबाईंना बोलावून घेतलं ते मात्र त्यांनीच. "पुरायच्या आधी तुम्ही तिला बघा," एवढंच म्हणाले होते.

झालं होतं ते असं. प्रदर्शनात उडी घेताना बदामी अडखळली, अडसराच्या पलीकडे वेडीवाकडी उतरली आणि तिचा पुढचा डावा पाय नळीत मोडला. घोड्याचा असा मोडलेला पाय सांधत नाही. मैदानातच, लोकांना दिसू नये म्हणून चादरी धरून, तिला इंजेक्शन द्यावं लागलं. पाठीवरची ताई, म्हणजे बाबांची मुलगी, फेकली गेली. तिच्या खांद्याचं हाड मोडलं. आणि घोडीला उचलताना उस्तादाला, म्हणजे शिकवणाऱ्याला, तिच्या पुढच्या उजव्या खुरात एक खडा सापडला. तळव्याच्या खाचेत रुतलेला, वरून कापूस ठासलेला. आपोआप अडकलेला खडा स्वतःवर कापूस ठासून घेत नाही.

खूर साफ करायचं काम मोतद्दाराचं. ताई लहान होती तेव्हापासून तो इथे घोडे सांभाळत होता, आणि तिच्यामुळे सगळी पागा त्याला मामा म्हणायची. बाईसाहेबांनी रात्रीच निकाल लावून टाकला होता: आज संध्याकाळपर्यंत मामाने खोली सोडायची. आणि तो पुन्हा कुठल्याही पागेच्या दारात उभा राहणार नाही, याची व्यवस्था त्या स्वतः करणार होत्या. त्यांचा शब्द या धंद्यात दूरवर चालायचा.

मामा शेडच्या कोपऱ्यात उकिडवा बसला होता. डॉक्टरबाईंना बघून उठला.

"खडा मी नाही घातला, डॉक्टरबाई. उलट घोडी लंगडतेय म्हणून सगळ्यांत आधी मीच ओरडत होतो."

"मग खडा सापडलाच की."

"तेच तर," मामा म्हणाला. "खडा उजव्या खुरात सापडला. घोडी लंगडत होती डाव्या पायाने."

२

मामाची खोली घोड्यांच्या ठाणांना लागूनच होती. पत्र्याची पेटी उघडी पडलेली. आत दोन सदरे आणि घोडे घासायचा एक झिजलेला खरारा. एवढ्या वर्षांचा संसार एका पेटीत मावतो आहे हे बघून डॉक्टरबाईंना वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की त्यांचा आवाज कडक व्हायचा.

"पहिल्यापासून सांग. आणि रडायचं नंतर."

"प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी तिला दुडकी पळवत होतो. मान खालीवर करायला लागली. थोडीच, पण करायला लागली. खूर हाताला गरम लागला, डावा. ठाणातही तोच पाय पुढे टाकून उभी राहायची. उस्तादाला सांगितलं. ते म्हणाले, आखडली असेल, चालवून मोकळी कर. बाईसाहेबांना सांगितलं. त्या म्हणाल्या, प्रदर्शन तोंडावर आलं की तुला रोज काहीतरी दिसतं."

"आणखी कोणाला?"

"ज्याला त्याला सांगत सुटलो होतो. बाबा व्हरांड्यात होते, त्यांनाही म्हटलं, बाबा, तिची मान बघा, मानेवरून कळतं. बिचारे झारी खाली ठेवून किती वेळ बघत बसले. त्यांच्याशिवाय कोणी बघितलंसुद्धा नाही."

"मग सकाळच्या तपासणीत पास कशी झाली?"

प्रदर्शनाचा नियमच होता: आधी प्रत्येक घोड्याला फरसबंदीवरून सरळ रेषेत पळवायचं, तिथले डॉक्टर बघणार, लंगडा असेल तो घरी.

मामाने पेटीतले सदरे सारखे केले. "मीच पळवली तिला. मनात म्हणत होतो, आता दिसेल, आता हे तिला घरी पाठवतील. आणि तिची मान जागची हलली नाही. माझ्याच डोळ्यांवर माझा विश्वास बसेना. डॉक्टर म्हणाले, पुढचा घोडा आणा."

दुखणं मारायचं औषध कोणी दिलं म्हणावं, तर रक्ताच्या तपासणीत काहीच निघालं नव्हतं.

"खूर शेवटचे कधी उचललेस?"

"तेल लावायच्या आधी. चारही साफ केले, खडा काय, काडी नव्हती. एकदा तेल लागलं की खुराला कोणी हात लावत नाही, बोटं उमटतात ना. मग मी कपडे बदलायला गेलो."

"तेवढ्यात ठाणात कोण आलं?"

"कोण नाही आलं? ताई येऊन मुका घेऊन गेली. बाईसाहेब, उस्ताद, नालबंद. बाबासुद्धा गाजर घेऊन आले होते." मामाने पेटीचं झाकण लावलं. "आणि तिचं काय, डॉक्टरबाई, ती कोणालाही पाय द्यायची. गुडघ्याला हात लावला की झाला पाय वर. मीच शिकवलं होतं तिला तसं."

३

उस्ताद खोगिरांच्या खोलीत होता. खडा आणि कापूस त्याने बशीत ठेवले होते, साखर ठेवावी तसे. खडा करडा, गोल, गुळगुळीत. कापूस तेलाने पिवळा पडला होता, तरी त्याची आखूड, घट्ट वळी अजून सुटली नव्हती.

"हा कुठला कापूस?"

"पागेत कापसाला काय तोटा? खुरात डांबर लावून आम्ही कापूस भरतोच." उस्तादाने खांदे उडवले. तो उंच, देखणा आणि स्वतःच्या मिशीवर प्रेम करणारा माणूस होता. आज मिशीला पीळ नव्हता.

"तो मोकळा असतो. आणि डांबराचा वास कुठे आहे याला?"

उस्तादाने वळी नाकाशी नेली आणि परत बशीत ठेवली.

"मामा म्हणतो, घोडी आधीपासून लंगडत होती."

"मामाला सगळेच घोडे लंगडे दिसतात. तपासणीत तिची मान बघितलीत? म्हणजे, तुम्ही नव्हता. खांबासारखी स्थिर. पावलं जरा आखूड पडत होती, पण ती फरसबंदीवर कोणाचीही पडतात."

"आखूड पडत होती?"

"जराशी," उस्ताद म्हणाला, आणि आपण जरा जास्तच बोललो असं त्याच्या चेहऱ्यावर उमटलं.

बाईसाहेब दिवाणखान्यात ताठ बसल्या होत्या. भिंतीवरच्या कपाटात त्यांच्या तरुणपणच्या ढाली, शेजारी ताईच्या. मधे एक जागा रिकामी ठेवलेली होती, आणि ती कालच्या प्रदर्शनासाठी होती हे न सांगताही कळत होतं.

"माझी घोडी लंगडत नव्हती. तज्ज्ञाने पास केली तिला. मामाचं म्हणणं मी ऐकलं नाही याचा त्याला राग होता, आणि आपलंच खरं करायला त्याने तो खडा घातला. यात शोधायचं काय आहे? यांनी उगीच तुम्हाला त्रास दिला."

"तू स्वतः तिचा खूर हातात घेऊन बघितलास का, मामाने सांगितल्यावर?"

बाईसाहेबांची नजर कपाटातल्या रिकाम्या जागेकडे गेली.

"बघायचं नव्हतं, म्हणून नाही बघितलास," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि काठी उचलून बाहेर पडल्या. दोघी जुन्या मैत्रिणी होत्या. असं बोलण्याची मुभा फक्त डॉक्टरबाईंना होती, आणि आज तीही संपत आल्यासारखी वाटत होती.

४

नालबंदाने बदामीचे पुढचे दोन्ही नाल काढले. जिवंत घोडा पाय ओढून घेतो, अंग टाकतो, नालबंदाला शिव्या सुचवतो. ही काहीच करत नव्हती.

डॉक्टरबाई जमिनीवरच बसल्या होत्या. पुन्हा उठायचं कसं याचा विचार नंतर करायचा होता. चाकूने त्यांनी डाव्या खुराचा तळवा पातळ पातळ तासत नेला. आत काळपट डाग लागला. टाचेच्या कोपऱ्यात, नालाच्या दाबाखाली साकळलेलं, जुनं रक्त.

"हे किती दिवसांचं?" नालबंदाने हळूच विचारलं.

"मामाच्या तक्रारीच्या आधीचं. नाल बदलायला उशीर झाला, खूर वाढून नालाच्या बाहेर आला, कोपऱ्यात दाब बसला. तेव्हाच नाल काढून विश्रांती दिली असती तर थोड्या दिवसांत बागडली असती."

"मी निरोप दिला होता. प्रदर्शन झाल्यावर ये म्हणाले."

उजव्या खुरात, खडा होता तिथे, डाग लालभडक होता. ताजा. म्हणजे कालचा.

डॉक्टरबाई दोन्ही डागांकडे बघत राहिल्या. मग उठायला गेल्या. दोन्ही गुडघ्यांतून एकदम कळ आली, आणि त्या अर्ध्यावरच थांबल्या, नालबंदाचा खांदा धरून.

"दुखतंय का?"

"दुखतंय," त्या म्हणाल्या. "दोन्ही सारखेच दुखतायत." आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच: "म्हणून लंगडणं गेलं."

नालबंदाला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि त्याचा चेहरा उतरला. एक पाय दुखत असला तर घोडा दुसऱ्यावर भार टाकतो, त्यात मान हलते. दोन्ही पाय सारखेच दुखायला लागले तर भार टाकायला जागाच राहत नाही. मान स्थिर होते. पावलं तेवढी आखूड पडतात.

बदामी बरी झालीच नव्हती. दुसऱ्या पायानेही लंगडी झाली होती. उडी मारून पलीकडे उतरताना तिने दुखरा डावा वाचवायला उजवा पुढे केला असेल, आणि उजव्यातून कळ आली असेल. उतरायला तिच्याकडे पायच उरला नव्हता.

"ही तर चोराची युक्ती झाली," नालबंद कुजबुजला. "लंगडा घोडा तपासणीतून पार करायची. असल्या लबाड्या ऐकून आहे मी. पण इथे ही माहीत असणारे आम्ही किती जण? उस्ताद, बाईसाहेब, मामा आणि मी."

शेडच्या दारात सावली पडली. बाईसाहेब केव्हाच्या तिथे उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"उस्तादाला बोलवा," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. "आत्ताच्या आत्ता बोलवा त्याला."

५

खाली आवाज चढले होते. उस्ताद आईची शपथ घेत होता, बाईसाहेब त्याला बोलू देत नव्हत्या. डॉक्टरबाई त्या भांडणाला पाठ दाखवून जिन्याने वर गेल्या. एक गोष्ट त्यांना मघापासून खुपत होती, आणि ती भांडणात सुटणारी नव्हती.

ताई पलंगावर उशांना टेकून होती. खांदा बांधलेला, डोळे कोरडे. कालपासून ती रडलेली नाही, हे नर्सने खालीच सांगितलं होतं.

"डॉक्टरमावशी, खरं सांगाल? माझा हात चुकला का? उडीच्या आधी मी लगाम ओढला असेन. मला आठवत नाही. मी सारखं आठवून बघतेय."

"तुझा हात चुकला नाही."

"तुम्ही मला बरं वाटावं म्हणून म्हणताय."

"मी कोणाला बरं वाटावं म्हणून कधी काही म्हटलंय का? तुझ्या आईला विचार." डॉक्टरबाई पलंगाच्या कडेला टेकल्या. "तपासणीनंतर काय झालं?"

"लगेच सरावाच्या मैदानात गेलो. ती खूश नव्हती. कान मागे, शेपटी झटकत होती. मला वाटलं, गर्दीमुळे. मग बाबा धापा टाकत कुंपणापाशी आले. म्हणाले, आज नको जाऊस." ताईच्या ओठांच्या कोपऱ्यात कालचं हसू क्षणभर येऊन गेलं. "मी म्हटलं, बाबा, तुमचं नेहमीचंच. ते दर वेळी म्हणतात. आई म्हणाली, अहो, तुम्ही कुंड्या बघा. सगळे हसले. बाबाही हसले. मग विचारलं, ती नीट पळतेय ना? मी म्हटलं, बघा की, मान तरी हलतेय का? बघून गेले."

डॉक्टरबाईंनी काठी मांडीवर आडवी घेतली.

खुपणारी गोष्ट ही होती: खडा नंतर का काढला नाही? तपासणी पार करायला जो लबाड माणूस खडा घालतो, त्याला घोडी पुढे उडीही मारायला हवी असते. तो तपासणी संपताच, कोणाचं लक्ष नाही असं बघून, खडा काढून खिशात टाकतो. उस्तादाने काढला असता. बाईसाहेबांनीही. खडा तसाच राहिला, म्हणजे ज्याने घातला त्याला घोडी मैदानात उतरवायचीच नव्हती. त्याला ती तपासणीत नापास व्हायला हवी होती. लंगडणं सगळ्यांना स्पष्ट दिसावं, एवढंच त्याला हवं होतं.

पण तसं असेल तर खडा डाव्या खुरात जायला हवा. दुखऱ्या पायात. तो गेला चांगल्या पायात. मामा ही चूक झोपेतही करणार नाही. उस्ताद नाही, नालबंद नाही. ही चूक करायला घोड्यातलं ओ की ठो न कळणारा माणूस हवा. आणि बदामीवर, किंवा तिच्या पाठीवर बसणाऱ्या मुलीवर, जीव असलेला.

दार उघडलं. बाबा ताईसाठी पाणी घेऊन आत आले. पेल्याच्या कडेवरून थेंब ओघळला होता. त्यांनी सवयीने खिशात हात घातला, कापसाची एक आखूड, घट्ट वळी काढली आणि पेला पुसला.

६

व्हरांड्यातल्या कुंड्यांमध्ये मातीवर खडे पसरलेले होते. करडे, गोल, गुळगुळीत. पाणी घालताना माती उडू नये म्हणून. डॉक्टरबाईंनी त्यातला एक उचलला आणि हातात फिरवत राहिल्या. बाबा शेजारच्या खुर्चीत बसले. ते काहीतरी विचारतील असं डॉक्टरबाईंना वाटलं होतं, पण ते कुंड्यांकडे बघत राहिले.

"दवाखान्यातली कपाटं रिकामी झाली नाहीत वाटतं अजून," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"पुष्कळ उरलंय. कापूस तर या जन्मात संपायचा नाही."

"तोंडात, दाताच्या कडेला, अशाच वळ्या ठेवता ना तुम्ही? गालाशी दाबून?"

बाबांनी मान हलवली.

"एक सांगा मला, डॉक्टर. पेशंटची डावी दाढ दुखत असली, तर तो घास कुठल्या बाजूने चावतो?"

"उजव्या. दुखऱ्या बाजूने कोण..."

ते थांबले. त्यांचा हात खुर्चीवरून उचललेला तसाच राहिला. जन्मभर ज्या गोष्टीवर त्यांनी रोजी कमावली होती ती समोर येऊन उभी राहिली, आणि त्यांना तिच्याकडे बघवेना.

"मान ज्या पावलावर खाली जाते ते पाऊल चांगलं," डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या. "दुखरा पाय टेकला की घोडा मान वर उचलतो, भार नको म्हणून. आणि चांगल्या पायावर बिनधास्त झुकतो."

"मामा म्हणाला, मान बघा." बाबांचा आवाज अगदी साधा होता. "मी बघितली. उजवा पाय टेकला की मान खाली जायची. दर वेळी. मला वाटलं, कळ आली की माणूस जसा वाकतो, तसंच असणार. मला किती आनंद झाला माहीत आहे? वाटलं, मला दिसलं. आयुष्यात पहिल्यांदा मला घोड्यातलं काहीतरी दिसलं."

"कोणाला सांगितलंत?"

"हिला म्हटलं, घोडीला दुखतंय, पोरीला बसवू नकोस. ही म्हणाली, अहो, तुम्ही कुंड्या बघा. रागाने नाही म्हणाली. नेहमीसारखंच." त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "मग वाटलं, मामाचं कोणी ऐकत नाही, माझं कोणी ऐकत नाही. तिथले डॉक्टर तरी बघतील. थोडं जास्त दुखलं तर त्यांना चुकवता यायचं नाही. एक दिवसाचं दुखणं, खडा काढला की संपलं. कापूस यासाठी ठेवला, की तिला फार टोचू नये."

बागेत कोणीतरी खड्डा खणत होतं. फावड्याचा आवाज येत होता.

"ती पास झाली तेव्हा मला कळेचना. धावत गेलो. सगळ्यांसमोर तोंड उघडलं आणि नुसतं 'नको जाऊस' एवढंच बाहेर पडलं. ताई म्हणाली, मान हलतेय का बघा. नव्हती हलत. मग मनाशी म्हटलं, खडा पडून गेला असेल. तिचं तिला बरं वाटलं असेल. मला काय कळतंय." त्यांनी चेहरा हातांत झाकला. "एक वाक्य बोलायचं होतं, डॉक्टर. हसतील म्हणून नाही बोललो."

डॉक्टरबाईंनी हातातला खडा कुंडीत परत ठेवला. या माणसावर रागवायचं म्हणून त्या व्हरांड्यात आल्या होत्या, आणि राग कुठे गेला ते त्यांना कळलं नाही. नुसतं दुःख झालं, भरून राहिलेलं.

"मला फोन तुम्ही का केलात? मी आले नसते तर कोणाला कळलं नसतं."

"मामाला घालवतील म्हणून," बाबा म्हणाले. "मला आपणहून सांगायचा धीर होईना. वाटलं, तुम्ही आलात तर विचाराल. विचारलं की मी खोटं नाही बोलणार."

७

मामा पेटी घेऊन फाटकापर्यंत पोहोचला होता. बाबांनी त्याला तिथे गाठलं, आणि रस्त्यावरच, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, सगळं सांगितलं. आवाज खाली न करता. एक वाक्य काल राहिलं होतं त्याची भरपाई होणार नव्हती हे त्यांना माहीत होतं, तरीही.

मामाने ऐकून घेतलं. पेटी खाली ठेवली आणि तिच्यावरच बसला.

"मान बघा म्हणालो," तो म्हणाला, "आणि काय बघायचं ते सांगितलंच नाही. अर्धंच सांगितलं तुम्हाला. मला वाटलं, हे तर पोराटोरांना कळतं."

"मलाच नाही कळलं, मामा."

"मी विचारायला हवं होतं, बाबा, काय दिसलं म्हणून. तुम्ही किती वेळ बघत होतात." त्याने बाहीने डोळे पुसले. त्या दोघांजवळ कोणी गेलं नाही.

बाईसाहेब व्हरांड्यातून बघत होत्या. डॉक्टरबाई त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"त्याला परत बोलव. तू स्वतः जा, निरोप पाठवू नकोस. उस्तादाचीही माफी माग, मग त्याला ठेवायचं की नाही ते ठरव. आणि इथून पुढे मामा म्हणाला घोडा लंगडतोय, तर खाली वाकून खूर हातात घ्यायचा. प्रदर्शन असो की काही असो."

"यांनी केलं," बाईसाहेब म्हणाल्या. "यांनी केलं आणि मी..." कुंडीच्या कडेला हात टेकून त्या तशाच उभ्या राहिल्या, मग पायऱ्या उतरून फाटकाकडे चालायला लागल्या.

ताईला सांगायला बाबा एकटे जाणार होते, पण खोलीच्या दाराशी आल्यावर त्यांनी डॉक्टरबाईंचा हात धरला, आणि डॉक्टरबाई आत येऊन भिंतीशी उभ्या राहिल्या.

बाबांनी काही लपवलं नाही. खडा, कापूस, कुंपणापाशी न निघालेला शब्द, सगळं. ताई खिडकीकडे बघत ऐकत होती. ते संपलं तेव्हा बागेतलं फावडं थांबलं होतं.

"म्हणजे माझा हात नव्हता," ती म्हणाली.

"नव्हता, बाळा. माझा होता."

ताईने मान वळवली. बाबांच्या चेहऱ्याकडे नाही, त्यांच्या हातांकडे बघितलं. म्हातारे, स्वच्छ, जपून वागणारे हात. लहानपणी तिचा पहिला हलणारा दात याच हातांनी न दुखवता काढला होता.

"खडा घालताना," तिने विचारलं, "तिने पाय दिला?"

बाबांनी होकारार्थी मान हलवली. मग उत्तर तोंडाने द्यायला हवं असं वाटून म्हणाले, "मागितल्याबरोबर दिला. आणि मी सोडेपर्यंत तसाच धरून राहिली."

तेव्हा ताई रडायला लागली. मोडक्या खांद्याला कळा येत होत्या तरी रडत राहिली, आणि बाबांना जवळ जावं की जाऊ नये ते कळेना. ते पलंगापासून हातभर अंतरावर उभे राहिले, एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार टाकत. शेवटी तिनेच चांगला हात पुढे केला.